काचेच्या कौलाखाली कांडी: फोटो शिकतानाच्या नोंदी

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

मामानं त्याचा जुना कॅमेरा दिला. कॅनन १२००डी, सोबत १८-५५ ची लेन्स आणि एक छोटी ५० मिमीची. "साड्यांचे फोटो नीट येत नाहीत म्हणतेस ना, मग आधी यावर हात बसव," एवढंच म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

साड्यांचं कारण खरंच आहे. बेळगावच्या वडगावात मागावर पोट असलेली घरं गल्लोगल्ली आहेत, त्यातलंच आमचं एक. मागच्या खोलीत अप्पांचे दोन यंत्रमाग. आता निम्म्या साड्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघूनच विकल्या जातात. माझ्या मोबाइलमध्ये जांभळी साडी निळी दिसते आणि मोरपंखी नुसती हिरवी. दिवाळीत दोन साड्या 'रंग वेगळा' म्हणून परत आल्या. अप्पा काही बोलले नाहीत, घडी उलगडून पुन्हा घातली आणि कपाटात ठेवली. ते मला लागलं.

म्हणून ठरवलंय, साडीला हात लावायच्या आधी तीन महिने कांडीचे फोटो काढायचे. कांडी म्हणजे आमचं मांजर. तीन वर्षांपूर्वी भरलेल्या कांड्यांच्या, म्हणजे सूत गुंडाळलेल्या नळ्यांच्या, बुट्टीत जन्मली, म्हणून आजीनं ते नाव ठेवलं. छाती-पोट पांढरं, पाठ काळी, डोक्यावर आणि मागच्या मांडीवर भगवी ठिगळं. अशी तीनरंगी मांजरं जवळपास नेहमी माद्याच असतात. काळा आणि भगवा दोन्ही अंगावर यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात. मला मात्र ती तीनरंगी आहे याचा वेगळा उपयोग दिसतोय. पांढरं, काळं आणि भडक, तिन्ही एकाच अंगावर. हे ज्याला नीट टिपता आलं त्याला साडी जड जाऊ नये.

आज ४३ फोटो काढले. ऑटोवर ठेवलं होतं, फ्लॅश आपोआप उघडला. कांडी माळ्यावर गेली ती जेवायच्या वेळेलाच उतरली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

रात्री सगळे फोटो लॅपटॉपवर बघितले. प्रत्येकात डोळ्यांच्या जागी दोन हिरवे दिवे. मांजराच्या डोळ्यात पडद्यामागं आरशासारखा एक थर असतो. आत आलेला उजेड त्यावर आपटून परत फिरतो, म्हणून त्यांना अंधारात कमी उजेडातही दिसतं. फ्लॅशचा झोत लेन्सच्या अगदी वरून जातो आणि त्याच वाटेनं परत येतो, तोच हा हिरवा दिवा. फ्लॅश बंद. यापुढं घरात जेवढा उजेड असेल तेवढ्यात काढायचे.

दुसरी चूक: सगळे फोटो उभ्यानं काढलेले. वरून बघितलं की मांजर जमिनीवर पडलेल्या वस्तूसारखं दिसतं.

रविवार, १६ फेब्रुवारी

सोप्यात पोतं अंथरून त्यावर पालथी झोपले, कोपरं जमिनीला टेकवून. आजी कांड्या भरायचं थांबवून बघत राहिली. "पालथी पडून काय करूलीस गे?" म्हणाली. फोटो म्हटल्यावर, "मांजराला नीट बसव तरी. असं हिंडताना काढतात होय फोटो?"

आजीच्या आयुष्यात फोटो म्हणजे स्टुडिओत, मागं पडदा, हात मांडीवर. तिच्या लग्नानंतरचा एकच फोटो आहे, खडेबाजारात काढलेला, त्यात ती आणि आजोबा दोघंही श्वास रोखून बसल्यासारखे दिसतात. मला त्या फोटोत आजी ओळखू येत नाही. मी ओळखते ती आजी कांड्या भरायच्या रहाटावर बसलेली, जिभेनं धाग्याचं टोक ओलं करणारी.

जमिनीवरून आमचं घर वेगळंच दिसतं. कॉटखाली सुताची तूस गोळा झालेली, त्यातून कांडीच्या जाण्यायेण्याची एक स्वच्छ वाट पडलीय. ती त्या वाटेनंच आली, लेन्सला नाक लावून वास घेतला आणि माझ्या कोपराला अंग घासून गेली. एकही फोटो निघाला नाही. लेन्सला पंचवीस सेंटीमीटरच्या आतलं स्पष्ट दिसत नाही. पण ती आपण होऊन जवळ आली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पांढऱ्यानं आज फार छळलं. ती पाठ करून बसली की काळी पाठ करडी होते आणि बाजूनं दिसणारी छाती जळून नुसता पांढरा डाग उरतो, केस नाहीत की वळण नाही. समोर बसली, छातीच जास्त दिसत असली, की उलट छाती मळकी.

वाचून काढलं तेव्हा उलगडलं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोर जे असेल ते मध्यम करडं आहे असं धरून चालतो. काळं जास्त असेल तर त्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो वाढवतो. पांढरं जास्त असेल तर कमी करतो. त्याला मांजर दिसत नाही, फक्त उजेड दिसतो. सांगायचं काम आपलं. उजेड कमी-जास्त करायला एव्हीचं बटण दाबून चाक फिरवायचं: काळी पाठ जास्त असेल तेव्हा उणे एक, पांढरी छाती जास्त असेल तेव्हा अधिक दोन तृतीयांश.

आणि लगेच चंद्रकळा डोळ्यापुढं आली. काळी साडी, जरीचा काठ. माझ्या मोबाइलच्या फोटोत ती नेहमी करडी दिसते आणि जर पांढरी पडते. हाच रोग. कांडीच्या अंगावर तो सहा महिने आधी दिसला असता तर!

रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्यानं न आटवलेल्या मूळ फोटोवर, ठेवलं. एकेक फोटो वीस-पंचवीस एमबी होतो, पण काळ्यात दडलेलं बरंच नंतर वर काढता येतं. जळलेलं पांढरं मात्र परत येत नाही. म्हणून पांढरं सांभाळायचं, काळं मागाहून बघता येतं.

रविवार, २ मार्च

आजचं लिहायला जड जातंय, पण नोंदी ठेवायच्या तर हेही ठेवायला हवं.

कांडी माझ्याकडं बघतच नव्हती. म्हणून सुताच्या कोनावरचं (शंकूसारख्या नळीवरचं) लाल सूत हातभर तोडून समोर नाचवलं. ती उडाली, पंजे वर, डोळे मोठे, फोटो सुरेख आले. तीन-चार फोटो बघण्यात मी दंग झाले आणि सूत खाली पडलं. मान वर केली तेव्हा दोन बोटं लाल धागा तिच्या तोंडाबाहेर होता आणि ती गिळत होती.

मी ओढायला हात घातला. अप्पांनी मागून मनगट धरलं. "ओढू नको. आत कुठं अडकलाय काय माहीत."

जनावरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. जिभेच्या मुळाला धागा वेढला जातो, दुसरं टोक आतड्यात पुढं सरकत राहतं आणि आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होतं. ओढलं तर कापतं. त्यांनी तोंड उघडून जीभ वर करून बघितली, धागा जिभेला वेढलेला नव्हता. उलटी झाली, खाणं सोडलं, पोट दुखतंय असं वाटलं तर लगेच आणा म्हणाले.

विणकराच्या घरात जन्मलेलं मांजर तीन वर्षं सुताच्या ढिगात राहिलं आणि त्याला काही झालं नाही, कारण घरात कुणी त्याला सुतानं खेळवलं नव्हतं. आजी तर तुटलेला धागासुद्धा पदरात खोचते. ते मी केलं, फोटोसाठी. लाल धाग्याचे ते फोटो पुसून टाकले. त्यातला एक खरंच फार चांगला होता.

बुधवार, ५ मार्च

धागा आज बाहेर पडला. खाणं नीट आहे. आजीनं देवापुढं साखर ठेवली.

आजपासून नियम एकच. कांडीला काही करायला लावायचं नाही. दोरा नाही, हाक नाही, खाऊ दाखवणं नाही, उचलून उजेडात बसवणं नाही. ती जे करते, जिथं करते, ते तिथं जाऊन टिपायचं. कॅन्डिड म्हणतात ते हेच, पण त्या शब्दाचा एक अर्थ मला पटत नाही. एरिख सॉलोमन नावाचा जर्मन छायाचित्रकार १९२० च्या दशकाच्या शेवटी कॅमेरा लपवून कोर्टात जायचा, आणि बेसावध माणसांच्या त्याच्या फोटोंवरून तो शब्द रुळला. घरातल्या जिवापासून कॅमेरा लपवायचा कशाला? उलट तो रोज समोर असू दे, रहाट असतो तसा, पाटा असतो तसा. मग तिला त्याचं काही वाटणार नाही.

म्हणून कॅमेरा आता पिशवीत नसतो. सोप्यातल्या कोनाड्यात, झाकण काढून.

रविवार, ९ मार्च

दुपारी लक्षात आलं की मी उजेड शोधत हिंडते आणि कांडी आधीच तिथं बसलेली असते.

आमच्या सोप्यावर कौलं आहेत आणि त्यात एकच काचेचं कौल. त्यातून वहीच्या पानाएवढा उन्हाचा तुकडा खाली पडतो. सकाळी तो पश्चिमेच्या भिंतीवर असतो, दुपारी जमिनीवर उतरतो, संध्याकाळकडं पूर्वेला रहाटाजवळ जातो. कांडी त्याच्याबरोबर सरकते. झोपेतच उठते, दोन पावलं टाकते, पुन्हा गोल होते. मला हे तीन वर्षं दिसत होतं, पण मी बघितलं आज.

मग मांजराच्या मागं जायचंच नाही. ऊन अर्ध्या तासानं कुठं असेल ते बघायचं, तिथं आधी जाऊन पडायचं, कॅमेरा लावून ठेवायचा. ती येते. आज आली, सव्वा दोनला. माझ्यापासून दोन हातांवर बसून पंजा चाटायला लागली. उन्हात मिशीचा एकेक केस पेटल्यासारखा दिसत होता आणि जिभेवरचे काटे दिसत होते, खरखरीत, फणीच्या दातांसारखे मागं वळलेले. उणे एक, शटर १/२५० सेकंद, आयएसओ (उजेड टिपायची कॅमेऱ्याची ताकद) २००. आजवरचा पहिला फोटो जो मी कुणाला दाखवीन.

आणखी एक करून ठेवलंय. धाग्याला रिकामी कांडी बांधून काचेच्या कौलाखाली ओळंबा सोडला आणि जमिनीवर जिथं टेकला तिथं खडूनं फुली मारली. कौल जमिनीपासून दहा फुटांवर आहे. दुपारी साडेबाराच्या सुमारास उन्हाचा तुकडा त्या फुलीपासून उत्तरेला पावणेचार फुटांवर होता. दर पंधरवड्याला खूण करणार.

रविवार, २३ मार्च

खूण: पावणेतीन फूट. ऊन फुलीकडं सरकतंय. कांडीही.

आज ५० मिमीची लेन्स लावली. एफ १.८ पर्यंत उघडते, म्हणजे घरातल्या अर्ध्या अंधारात वरदानच. पण दोन फुटांवरून काढलं की स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम एक सेंटीमीटर जाड. डोळा धारदार आला तर नाक धूसर, नाक आलं तर डोळा गेला. तासभर हेच. शेवटी थोडी मागं सरकले, चार फुटांवर, तिथं ती पट्टी चार सेंटीमीटरची होते. मांजराच्या तोंडाला पुरते.

फोकसचे नऊ ठिपके आहेत ते कॅमेऱ्यावर सोडले तर तो नेहमी सगळ्यात जवळचं पकडतो, म्हणजे पंजा. मधला एकच ठिपका ठेवला, डोळ्यावर. काळ्या पाठीवर तो ठिपका ठेवला तर लेन्स पुढं-मागं घरघरत राहते, तिला धरायला रेघच मिळत नाही. उजेड आणि अंधार जिथं एकमेकांना भेटतात तिथंच फोकस बसतो: भगव्या ठिगळाची कड, डोळ्याची कड.

गुरुवार, २७ मार्च

रात्री ट्यूबलाइटखाली. १/५०० ला सलग पाच फोटो काढले. एक उजळ, एक काळपट, एकात अर्धा भाग पिवळा. कॅमेरा बिघडला म्हणून घाबरले. कॅमेरा ठीक आहे. आपल्याकडं वीज पन्नास हर्ट्झची, जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही, १/५०० च्या शटरला कळतं. १/१०० किंवा त्याहून सावकाश ठेवलं की सगळे सारखे. म्हणजे ट्यूबखाली फक्त बसलेली किंवा झोपलेली कांडी.

साडीसाठीची नोंद: खिडकीचा उजेड आणि ट्यूब एकत्र नको. कांडीची छाती एका बाजूनं हिरवट आणि एका बाजूनं निळसर येते. परत आलेल्या त्या दोन्ही साड्यांचे फोटो मी असेच काढले होते.

रविवार, ३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी. शेजारच्या अज्जींकडून बेवू-बेल्ल (कडुनिंब-गूळ) आलं, त्यांची युगादी. आमच्याकडून त्यांना श्रीखंड गेलं. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे, कांडी तिच्यावर बसलेली. अज्जी पलीकडून "बा, बा" म्हणत होत्या, इकडून आजी "ये गे कांडे, ये." कांडीला कन्नडही कळतं आणि मराठीही, तिला दोन्हीकडं दूध मिळतं. फोटोत तिचा एक कान अज्जींकडं वळलाय आणि एक आजीकडं. दोघींपैकी कुणीही फोटोत नाही, पण मला त्या दोघी त्यात ऐकू येतात.

मी तिला हाक मारली नव्हती, म्हणून हा फोटो नियमात बसतो.

रविवार, ६ एप्रिल

खूण: दीड फुटाच्या जरा पुढं. फोटो नाही, सूत आलं होतं, दिवसभर अप्पांबरोबर.

रविवार, १३ एप्रिल

माळ्यावरून रहाटाच्या पेटीवर तिची उडी रोज ठरलेली, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, आईनं दूध तापायला ठेवलं की. आठवडाभर ती उडी टिपायचा प्रयत्न चाललाय.

हा कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो काढतो. उडीला अर्धा सेकंदही लागत नाही. म्हणजे बटण दाबून धरलं तर एक फोटो मिळणार, तोही नशिबानं, बहुतेक वेळा रिकाम्या पेटीचा. १८९४ मध्ये एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानं वरून सोडलेलं मांजर पायांवरच कसं उतरतं ते फोटोंच्या मालिकेतून दाखवलं होतं. मधल्या हवेत ते आधी पुढचा भाग वळवतं, मग मागचा. त्याच्याकडं त्यासाठी खास यंत्र होतं. (मांजर हातातून सोडून देणं मला मात्र जमलं नसतं.) माझ्याकडं यंत्र नाही, पण कांडीची तीन वर्षांची ओळख आहे. त्यातूनच मार्ग निघाला: उडी मारायच्या आधी ती मागचे दोन्ही पाय जागच्या जागी तीन-चारदा हलवते, जणू जमीन चाचपते. मग मान एकदम स्थिर होते. मान थांबली की मी मनात 'एक' म्हणते आणि दाबते.

आज जमलं. १/१०००, आयएसओ ३२००, दाणेदार, तरी जमलं. पुढचे पंजे पुढं ताणलेले, शेपूट सरळ, आणि पोटावर खालून आलेला उजेड, जो पेटीवर पसरलेल्या पांढऱ्या कापडावरून उसळलेला. तो उजेड मी ठेवला नव्हता. पण आता मला कळतं की पांढरं कापड खाली अंथरलं तर साडीच्या निऱ्यांच्या आतही असाच उजेड जाईल.

रविवार, २० एप्रिल

खूण: नऊ-दहा इंच.

गुरुवार, २४ एप्रिल

दुपारी चारला वळीव. येळ्ळूरच्या बाजूनं आभाळ काळं झालं, आधी धूळ, मग मातीचा वास, मग टपोरे थेंब. पंधरा-वीस मिनिटांत थांबला आणि ढगांखालून तिरपं ऊन आलं. असा उजेड वर्षात मोजून चार-पाच दिवस असतो. गल्ली ओली, भिंती पिवळ्या, आणि कांडी उंबऱ्यावर बसून पाण्याच्या डबक्याकडं बघत होती, एक पंजा उचलून धरलेला, टेकावा की नको. तिचं प्रतिबिंब डबक्यात. मी कोनाड्याकडं धावले नाही, चालत गेले. धावले असते तर तीही उठली असती. हे आधी कळलेलं नव्हतं: घरात आपण जशा हालचाली रोज करतो तशाच करायच्या. कॅमेरा हातात आहे म्हणून चाल बदलली की मांजराला लगेच कळतं.

तीन फोटो. तिसऱ्यात पंजा पाण्याला टेकलाय.

रविवार, ४ मे

आजच्या दिवसाची मी मार्चपासून वाट बघत होते. बेळगाव १५.८ अक्षांशाच्या किंचित वर आहे; मेच्या सुरुवातीला सूर्य बरोबर आपल्या डोक्यावरून जातो. शून्य सावलीचा दिवस. दुपारी साडेबाराला उन्हाचा तुकडा खडूच्या फुलीवर आला, तसूभरही इकडंतिकडं नाही. आजीला बोलावून दाखवलं. तिनं फुलीकडं, मग वर कौलाकडं बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या आजोबांनी हे कौल बसवलं तेव्हा हितंच रहाट होता. दुपारी दिवा लागायचा नाही."

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. कौल मांजरासाठी नव्हतं, आजीच्या हातांसाठी होतं. आजी तिथंच खाली बसली, फुलीच्या शेजारी, आणि कांडी येऊन तिच्या मांडीला टेकली. सरळ डोक्यावरून आलेल्या उजेडात चेहरे चांगले येत नाहीत, डोळ्यांखाली काळं पडतं, हे मी वाचलंय. पण हात चांगले येतात. आजीचे हात आणि त्याखाली कांडीची पाठ, तिन्ही रंग एकाच चौकोनात. काही न सांगता काढला. नीट बस, असं तिलाही म्हटलं नाही.

रविवार, ११ मे

वहीत मी फोटोंबरोबर कांडी कुठल्या वेळी कुठं असते तेही टिपत होते. दोन महिन्यांत मागाच्या खोलीत ती एकूण सहा वेळा दिसली आणि सहाही वेळा लाईट गेलेली होती. अप्पांना विचारलं तर म्हणाले, "माग चालू असला की फिरकत नाही. बंद पडला की येती." त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. माग चालू असताना शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, आणि मांजराला तर आपल्याला न ऐकू येणारे बारीक आवाजही ऐकू येतात.

मला कांडीचा मागाजवळचा फोटो हवा होता. पण धोटा सपासप इकडून तिकडं जात असताना मांजर तिथं नकोच. म्हणून लाईट जायची वाट बघायची. दोनदा गेली तेव्हा मी घरात नव्हते, एकदा रात्री गेली.

आज संध्याकाळी वारा सुटला आणि पावणेसहाला गेली. खटकखटक थांबली. असं होतं तेव्हा गल्लीतल्या सगळ्या घरांतली एकदम थांबते आणि कानात काहीतरी पोकळ होतं. मग हळूहळू लांबची भांडी, सायकलची घंटा, कुणाचं तरी हसणं ऐकू यायला लागतं. अप्पांनी सगळ्यात आधी दोन्ही मागांची बटणं खाली केली. लाईट आली आणि बटण चालूच राहिलं तर माग आपोआप सुटतो, त्या वेळी हात आत असेल तर बोटं जातात. हे ते कधीही विसरत नाहीत.

मी दाराच्या आत, कोनांच्या पोत्याला टेकून बसले होते. आयएसओ ३२००, एफ २.२, १/६०. पश्चिमेच्या झरोक्यातून उजेड तिरपा येत होता, हवेत तूस तरंगताना दिसत होती. मिनिटभरात कांडी आली. मागाखालून गेली, ताणा गुंडाळलेल्या बीमच्या बाजूनं वर चढली आणि कापड गुंडाळतं त्या रुळावर जाऊन बसली, मोरपंखी साडीवर. अप्पांनी हाकललं नाही. त्यांनी तुटलेले धागे शोधायला ताण्यावरून उलटा हात फिरवला, एक सापडला, दोन बोटांच्या चिमटीत धरून गाठ मारली. त्या गाठीला त्यांना बघावं लागत नाही. कांडी मात्र बघत होती, मान पुढं काढून, बोटांपासून वीतभर अंतरावर, आणि पंजा तिनं उचलला नाही.

मी चार फोटो काढले. श्वास सोडून मग दाबत होते, कारण १/६० ला माझे हात हलतात. फोकस तिच्या डोळ्यावर धरला, बोटं थोडी मऊ आलीत. चौथ्यानंतर लाईट आली, ट्यूब लुकलुकली, कांडी उतरून निघून गेली. अप्पांनी बटण वर केलं.

"निघाला काय?" त्यांनी विचारलं. मी कॅमेरा त्यांच्यापुढं धरला. बराच वेळ बघून म्हणाले, "मोरपंखी बरोबर आलाय."

तो रंग खरोखर बरोबर आलाय. मी साडीकडं बघितलंही नव्हतं.

बुधवार, १४ मे

कपाटातल्या त्या दोन परत आलेल्या साड्या काढल्या. सोप्यात उत्तरेच्या खिडकीजवळ, ट्यूब बंद, खाली पांढरं कापड, आधी पांढऱ्या कागदाचा फोटो घेऊन त्यावरून कॅमेऱ्याचा पांढरा ठरवला. जांभळीला शून्य, चंद्रकळेच्या काळ्याला उणे एक. कॅमेरा जमिनीला टेकवून, साडीचा पदर उंबऱ्यावरून सोडून. अर्ध्या तासात झालं. फोटो आणि साडी शेजारी धरून आईला दाखवले; तिनं खिडकीत नेऊन ताडून बघितले आणि होकार दिला.

संध्याकाळी जांभळी गेली, निपाणीला.

रविवार, १८ मे

पावसाच्या आधी घर शाकारायचं म्हणून अप्पा आणि दादा छपरावर. फुटलेली कौलं बदलली, सरकलेली बसवली. मी खालून दादाला सांगितलं, काचेचं कौल काढून दे. वरून धूळ, आतून वर्षानुवर्षांची तूस आणि चुलीच्या दिवसांतला धूर, बोटानं रेघ ओढली तर रेघ उमटली. चिंच लावून घासलं, मग साबणानं, तीन पाण्यांतून काढलं. काच हिरवट आहे हे आज पहिल्यांदा दिसलं.

बसवल्यावर मीटर लावून बघितला. उन्हाच्या त्याच तुकड्यात, त्याच आयएसओ आणि एफला, काल १/२५० सांगत होता. आज १/५००. उजेड बरोबर दुप्पट.

सूर्य आता आपल्या उत्तरेला गेलाय, म्हणून दुपारचं ऊन फुलीच्या दक्षिणेला उतरतं, अर्ध्या फुटाहून थोडं जास्तच. कांडीला ते कालच कळलं होतं. ती तिथं झोपलीय आणि आजीनं रहाट उचलून तिच्या शेजारी आणून ठेवलाय.